जोडीदार गेल्यानंतर दिंडीत चालताना : एका लहान दिंडीच्या व्यवस्थेचे परीक्षण

आषाढीच्या वारीविषयी भक्तिभावाने लिहिलेले पुष्कळ वाचायला मिळते. मात्र दिंडी ही एक व्यवस्थाही आहे, तिच्यासाठी आपण भिशी म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी भरतो, तिच्याकडून दोन वेळचे जेवण, रात्रीचा निवारा, सामानाची ने-आण आणि सुरक्षित सोबत यांची अपेक्षा ठेवतो, आणि म्हणून तिचे गुणदोष नव्याने जाणाऱ्याला आधी कळायला हवेत, या दृष्टीने लिहिलेले क्वचितच आढळते. त्यातही ज्यांचा जोडीदार अलीकडे गेला आहे अशा स्त्री-पुरुषांना दिंडी कितपत मानवेल, या प्रश्नावर नातेवाईक एवढेच सांगतात की जाऊन या, मन रमेल. हा सल्ला मला अपुरा वाटतो. मन रमवण्याची साधने घरातही असतात. दिंडीत जे मिळते ते वेगळे आहे आणि ते नेमके कशातून मिळते, हे येथे सांगायचे आहे.

माझे यजमान गेल्यानंतर मी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात रथामागे चालणाऱ्या, सातारा जिल्ह्यातील एका लहान दिंडीत सामील झाले आणि तेव्हापासून तिच्याच भिशीत आहे. दिंडीचे नाव देत नाही, कारण तिच्या उणिवांबद्दलही लिहिणार आहे. माझे मत आरंभीच नोंदवते. या दिंडीचे जेवण उत्तम आहे, राहण्याची सोय मध्यम आहे, आणि स्नानाची व शौचाची व्यवस्था, विशेषतः स्त्रियांसाठी, अपुरी आहे. परंतु एकट्या पडलेल्या माणसाला ती पहिल्याच दिवशी एक जागा आणि एक काम देते, आणि त्या एका गोष्टीसाठी मी ती निःशंकपणे सुचवीन.

सोहळ्याची रचना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माउलींच्या पादुका पालखीत ठेवून आळंदीहून पंढरपूरला नेण्याचा आजचा शिस्तबद्ध सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमारास सुरू केला. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, आणि लष्करी जीवनातली शिस्त या सोहळ्यात आजही दिसते: रथापुढे 27 दिंड्या, उरलेल्या शेकडो दिंड्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, चालण्याची जागा ठरलेली, तळावर राहुट्या ठोकण्याची जागाही ठरलेली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान होते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी असे मुक्काम करीत, सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. लोणंदचा मुक्काम तिथींच्या वृद्धिक्षयाप्रमाणे लांबतो किंवा आखूड होतो, म्हणून घरच्यांना तारखा सांगताना पंचांग पाहूनच सांगाव्यात.

भिशीची रक्कम दिंडीदिंडीत वेगळी असते. आमच्याकडे ती काही हजारांच्या घरात आहे आणि दोन हप्त्यांत घेतात. तिच्यात सकाळचा चहा, दोन वेळचे जेवण, राहुटीत अंथरुणापुरती जागा आणि मालमोटारीतून एका वळकटीची वाहतूक एवढे येते. ज्यांना पूर्ण रक्कम जमत नाही त्यांच्याकडून तांदूळ, डाळ, गूळ किंवा शेंगदाणे घेतले जातात, आणि कोणी काय दिले याची चर्चा पंगतीत होत नाही. या शेवटच्या बाबीला मी फार महत्त्व देते, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे स्वतःविषयी लिहावे लागेल.

यजमान एसटीत वाहक होते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत विधवेला पतीच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मी रक्कम मिळते, आणि मूळ रक्कमच लहान असली की तिचे निम्मे किती होते हे त्या योजनेतील प्रत्येक घराला माहीत आहे. मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि पैसे पाठवायला तयार असतो, पण त्याच्यावर घराचे कर्ज आहे. मी प्रत्येक गोष्ट मोजू लागले. दूध किती, गॅस किती दिवस पुरला, कोणाकडे गेले तर काय न्यावे लागेल, कोणी आले तर काय करावे लागेल. या हिशेबापायी मी हळूहळू कोणाकडे जाणे बंद केले आणि लोकांनी येणेही कमी केले. देवघरातला दिवा लावणे तर त्याआधीच थांबले होते, कारण ज्याच्यासाठी सर्व उपास केले तोच माणूस राहिला नाही, मग मागायचे काय, असे मला वाटत होते. हे दुःख माझ्या एकटीचे नाही. दिंडीत अशी कितीतरी माणसे भेटली, आणि त्यांतले बरेच पुरुष होते. पत्नी गेल्यावर सुनेला जेवण मागायचा संकोच वाटतो म्हणून एक वेळ उपाशी राहणारे एक वृद्ध शेतकरी आमच्याच राहुटीशेजारी असत.

आता जागा आणि काम याविषयी. आळंदीत पहिल्या संध्याकाळी दिंडीचालक प्रत्येक नव्या माणसाला दोन गोष्टी सांगतात. एक, चालताना तुम्ही कोणत्या रांगेत कोणाच्या शेजारी असाल. दुसरी, मुक्कामावर तुमच्याकडे कोणते काम असेल. हे विचारून ठरत नाही, नेमून दिले जाते. माझ्याकडे पंगतीत मीठ आणि ठेचा वाढण्याचे काम आले. त्या वृद्ध शेतकऱ्यांकडे भाजी चिरण्याचे काम आले, जे त्यांनी आयुष्यात केले नव्हते. आमच्या शोकाबद्दल कोणी विचारपूस केली नाही, कोणी सांत्वन केले नाही, आणि आरंभी मला ते थोडे कोरडे वाटले. परंतु पान मांडल्यावर मीठ सर्वांत आधी पडते, म्हणून मीठ वाढणारीला रोज दोन वेळा प्रत्येकाचा चेहरा पाहावा लागतो. काही मुक्कामांतच कोणाला ठेचा चालत नाही, कोणाचा गुडघा सुजला आहे, कोण आज नेहमीच्या जागी बसलेले नाही, हे मला न विचारता कळू लागले. वाल्ह्याच्या मुक्कामी एक पान रिकामे दिसले म्हणून मी सांगितले आणि स्वयंसेवक शोधायला गेले. ते गृहस्थ ताप भरून रस्त्याकडेच्या वैद्यकीय मदत केंद्रात झोपलेले सापडले. माझ्या नजरेत नसल्यामुळे एखादे माणूस हरवेल, ही जबाबदारी यजमान आजारी असताना माझ्यावर होती आणि ते गेल्यावर नाहीशी झाली होती. ती कोणीतरी पुन्हा माझ्याकडे दिली.

जेवणाविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण दिंडीची खरी परीक्षा चुलीवर होते. आचारी आणि त्यांचे मदतनीस मालमोटारीबरोबर पुढे जातात आणि पालखी येण्याआधी चुली पेटलेल्या असतात. दुपारी वरण-भात, आमटी आणि एखादी उसळ. रात्री बहुधा पिठले-भाकरी किंवा चपाती-भाजी. आमटीत तिखट बेताचे असते, भात कधी कच्चा लागला नाही, आणि पंगतीला बसलेल्या शेवटच्या माणसाला पहिल्याइतकेच गरम मिळते, हे मी वाढणारी म्हणून खात्रीने सांगू शकते. पुण्याहून सासवडला जातानाचा टप्पा सर्वांत लांबचा आहे, वाटेत दिवे घाट चढायचा असतो, आणि बहुतेक वर्षी तो एकादशीलाच येतो. त्या दिवशी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि साबुदाण्याची खिचडी असते. मधुमेहाच्या औषधावर असलेल्यांनी हा एक दिवस उपास न करता चालावे असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे दिंडीचालक अशा माणसांना स्वतः राजगिऱ्याचे लाडू आणि केळी देऊन वाटेत थांबवून खायला लावतात, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करावेसे वाटते. पूर्वी चहा फार गोड असे. सांगितल्यावर बिनसाखरेचे वेगळे पातेले सुरू झाले.

परंतु या जेवणातील जे मला सर्वांत मोलाचे वाटते ते भिशीच्या पैशांतून आलेले नाही. या मार्गावर ठिकठिकाणी अशी घरे आहेत जी पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक दिंडीला ठरावीक दिवशी जेवू घालतात. बरड सोडून पालखी साताऱ्यातून सोलापूर जिल्ह्यात शिरते त्या पट्ट्यात आमच्या दिंडीचे असे एक घर आहे. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि मागे थोडी शेती. त्या घरच्या वृद्ध बाई सांगतात की 1972 च्या दुष्काळातही ही पंगत चुकली नव्हती. त्या वर्षी भाकरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची होती आणि कालवण पातळ होते, पण पाने मांडली गेली. त्याही तरुणपणीच विधवा झालेल्या आहेत. इतक्या माणसांचे कसे जमते, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही कुठं घालतो? माउली घालते. आम्ही फक्त चूल पेटवतो." हे वाक्य वारीच्या वाटेवर अनेकांच्या तोंडी ऐकू येते आणि पुष्कळदा ते केवळ रीतीने म्हटले जाते, परंतु या बाईंच्या कोठीतले पीठ संपत आलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. माझ्याकडे त्यांच्यापेक्षा नक्कीच अधिक होते, आणि मी पाहुण्याला चहा विचारताना दूध मोजत होते.

त्याच मार्गावर रात्रीच्या कीर्तनात तुकाराम महाराजांचे चरित्र ऐकले. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी डोंगरावर एकांत धरला, आणि परत आल्यावर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, लोकांकडून येणे असलेल्या रकमांची आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत टाकून दिली. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ती ज्याची पत्नी अन्नावाचून गेली अशा एका विधुराची कथा आहे, या बाजूने कोणी सांगितली नव्हती. ज्याला उपासमारीने एवढे लुबाडले त्याने येणे सोडून द्यावे, याचा अर्थ कीर्तनकारांनी फार नेमका लावला: जे गेले त्याची भरपाई दुसऱ्या कोणाकडून वसूल करता येत नाही, हे त्यांना कळले होते.

दिंडीत एका पंगतीचा खर्च एखाद्याच्या नावाने करता येतो आणि त्याची रीतसर पावती मिळते. मी तरडगावच्या दुपारच्या आमटी-भाताची पावती यजमानांच्या नावाने करते. त्यासाठी वर्षभर थोडे थोडे बाजूला ठेवावे लागते, आणि विलक्षण गोष्ट अशी की तेव्हापासून घरातले काही अपुरे वाटत नाही. निवृत्तिवेतन तेवढेच आहे. पण आता कोणी दारात आले तर मी आधी पाट देते आणि मग डबे पाहते.

हिशेबाच्या बाबतीत ही दिंडी आदर्श म्हणावी अशी आहे. पंढरपुरात द्वादशीला पारणे झाल्यावर जमाखर्च मोठ्याने वाचला जातो, डिझेलपासून मिरचीपर्यंत, आणि शिल्लक रक्कम कशासाठी वापरायची हे सर्वांसमोर ठरते. हिशेबवही मात्र आजवर कधी स्त्रीच्या हाती गेलेली नाही, आणि निर्णय घेणाऱ्या मंडळीत स्त्री नाही, जरी दिंडीतील निम्म्याहून अधिक माणसे स्त्रिया आहेत. चुलीपाशी आम्ही, टाळ-मृदंगापाशी ते, अशी वाटणी अजून बरीच टिकून आहे. जनाबाई, सोयराबाई आणि बहिणाबाई यांचे अभंग रोज गाणाऱ्या परंपरेला हे शोभत नाही, असे मी बैठकीत सांगितले आहे.

निवाऱ्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. राहुट्या जुन्या आहेत, जोराचा पाऊस आला की कडेच्या अंथरुणांना पाणी लागते, आणि स्त्रियांची राहुटी नेहमी मालमोटारीच्या पलीकडे, उजेडापासून दूर पडते. पहाटे तीन-साडेतीनला टँकरच्या नळापाशी ताडपत्रीच्या एका आडोशामागे सर्व स्त्रियांनी उरकायचे असते, आणि साठीच्या पुढच्या बायकांना ओल्या चिखलात उभे राहून लुगडे बदलणे किती कठीण असते याची कल्पना पुरुष मंडळींना नाही. तळावर फिरती शौचालये असतात, परंतु रात्री तिथपर्यंत एकटीने जाणे नको वाटते. नव्याने येणाऱ्या स्त्रियांनी चांगली विजेरी, रबरी चपला, प्लास्टिकचा मोठा कागद आणि राहुटीतली एक सोबतीण पहिल्या रात्रीच ठरवून ठेवावी.

वैधव्याशी थेट संबंध असलेला एक अनुभव येथे नोंदवला पाहिजे. वाटेवरच्या गावांत तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायकांना सुवासिनी हळदीकुंकू लावतात. एका गावात माझ्यासमोर येताच त्या घरच्या सुनेचा हात थांबला. ती वाईट नव्हती, तिला काय करावे ते कळले नाही. माझ्या मागे चालणाऱ्या आमच्या दिंडीतील सर्वांत वयस्कर बाईंनी कमरेची बुक्क्याची डबी काढली, आधी त्या सुनेच्या कपाळी बुक्का लावला, मग माझ्या, मग पुढच्या प्रत्येकीच्या, आणि तुळस तशीच पुढे चालू लागली. कोणी काही बोलले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले, हे मला ठाऊक होते. ठराव आवश्यकच आहे. पण बुक्का सधवेला आणि विधवेला, स्त्रीला आणि पुरुषाला सारखाच लागतो, ही रीत वारीत फार आधीपासून आहे, आणि ती त्या वृद्ध बाईंच्या बोटांत इतकी मुरलेली होती की त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. ज्यांना घरच्या मंगल कार्यात मागे बसवले जाते त्या स्त्रियांनी केवळ या कारणासाठीही एकदा दिंडीत तुळस घेऊन चालावे.

श्रद्धेविषयी लिहिताना मी सावध राहते, कारण ती कोणाला कशी परत मिळेल याची हमी कोणतीही दिंडी देऊ शकत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर ती आधी पायांत आणि टाळ्यांत आली. पहाटे काकडा, चालायला लागल्यावर रूपाचे अभंग, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ, हा क्रम बांधलेला आहे आणि विणेकऱ्यापासून शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत कोणाच्याही मनःस्थितीप्रमाणे तो बदलत नाही. दुःखात असलेल्या माणसाला सर्वांत थकवते ते हेच की आता काय करायचे हे प्रत्येक घटकेला त्यालाच ठरवावे लागते. दिंडीत ते ठरवावे लागत नाही. विश्वास असो वा नसो, गौळणींची वेळ झाली की गौळणी म्हणायच्या. मी कित्येक दिवस नुसते ओठ हलवीत चालले. फलटणच्या पुढे कधीतरी माझा आवाज मला ऐकू आला.

तळावरच्या समाज आरतीचा मला विशेष उल्लेख करायचा आहे. पालखी तळावर आल्यावर सर्व दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा एकच गजर चाललेला असतो, आणि चोपदारांनी दंड उंचावला की तो एकदम थांबतो. मात्र ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असते ती थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते, आणि चोपदार तिच्याजवळ जाऊन काय झाले ते ऐकून घेतात. त्यानंतर हरवले-सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते आणि मग आरती. एका संध्याकाळी आमच्या दिंडीच्या राहुट्यांची जागा दुसऱ्या एका दिंडीने व्यापली होती, म्हणून आमचे टाळ वाजत राहिले आणि लाखो माणसे आमच्यासाठी शांत उभी राहिली. जागा मिळाली. पण मला त्याहून मोठे वाटले ते हे की आरतीआधी तक्रार ऐकण्याची सोय या सोहळ्याने करून ठेवलेली आहे. देवावर रागावलेल्या माणसाला आधी भक्ती दाखव मग बोल, असे येथे कोणी म्हणत नाही. त्या रात्री मी विठ्ठलाला जे विचारायचे होते ते सर्व विचारले. उत्तर मिळाले असे म्हणणार नाही. परंतु घरी आल्यावर देवघर पुसून दिवा लावला, आणि तो रोज लावते.

कुटुंबाविषयी. मुलगा आरंभी नाराज होता, आईला या वयात रस्त्यावर झोपावे लागते याची त्याला लाज वाटत होती. तो सून आणि नातीला घेऊन दिवे घाटात आमच्याबरोबर चालायला आला. दिंडीत माझ्या यजमानांना ओळखणारी काही माणसे निघाली, कारण त्यांच्याच गाडीने ती वर्षानुवर्षे तालुक्याला जात होती, आणि घाट चढताना त्यांनी मुलाला त्याच्या वडिलांच्या गोष्टी सांगितल्या, ज्यांतल्या कित्येक मलाही ठाऊक नव्हत्या. वडील गेल्यापासून तो घरात त्यांचे नाव टाळत असे. त्या दिवसापासून तो बोलतो, नातही आजोबांविषयी विचारते, आणि आता दर वर्षी ते तिघे सासवडपर्यंत चालतात. दुसरीकडे दिंडीतले नाते वारी संपल्यावरही चालू राहते. दर एकादशीला पाळीपाळीने कोणाच्या तरी घरी भजन असते, दिवाळीला फराळाचे डबे जातात येतात, आणि ज्या वृद्ध शेतकऱ्यांचा मी वर उल्लेख केला त्यांच्या सुना मला मावशी म्हणतात. ते आता घरीही भाजी चिरतात आणि दोन्ही वेळ सर्वांबरोबर जेवतात, असे त्याच सांगतात.

याच मार्गावर एक-दोन दिवसांचा वारी अनुभव देणाऱ्या प्रवासी संस्थाही आहेत. बसने पुण्यात नेतात, सासवडपर्यंत चालवतात आणि संध्याकाळी परत आणतात. नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी ती सोय चांगली आहे. पण ज्याचे माणूस गेले आहे त्याने ती निवडू नये, कारण तेथे आपण पाहुणे असतो, पान आपल्यापुढे येते आणि आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही. मोठ्या, हजारेक माणसांच्या दिंड्यांतही तीच अडचण काही प्रमाणात येते. शक्यतो आपल्याच भागातील लहान दिंडी शोधावी, आणि भिशी भरण्याआधी चालकांना एवढेच विचारावे की मला काम कोणते द्याल.

पंढरपुरातील व्यवस्थेबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. आषाढीच्या काळात देवाचा पलंग काढलेला असतो, मंदिर दिवसरात्र उघडे असते, आणि तरीही पदस्पर्शाच्या दर्शनाची रांग इतकी लांब असते की आमच्या दिंडीतील बहुतेक जण चंद्रभागेचे स्नान, नामदेव पायरी, कळसाचे दर्शन आणि नगरप्रदक्षिणा एवढ्यावर समाधान मानतात. मीही तसेच करते. मठातील जागा दाटीची आहे, पण कोरडी आहे. गोपाळपूरचा काला पौर्णिमेला होतो. तोपर्यंत थांबणाऱ्यांची सोय दिंडी करते, इतरांना द्वादशीनंतर निघता येते. परतीसाठी एसटीच्या जादा गाड्या असतात, आणि मार्च 2023 पासून स्त्रियांना निम्मे तिकीट व त्याआधी ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना विनामूल्य प्रवास असल्यामुळे खर्चाचा प्रश्न राहत नाही. आधारपत्र जवळ ठेवावे.

कोणी जाऊ नये हेही सांगते. माणूस जाऊन थोडेच दिवस झाले असतील, झोप आणि जेवण सावरले नसेल, तर पूर्ण वारीचा हट्ट धरू नये. लोणंदपासून किंवा वाखरीचा शेवटचा टप्पा तेवढा चालावा. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून दिवे घाट चढू नये. ज्यांच्या घरात त्यांच्या जाण्याला तीव्र विरोध आहे त्यांनी भांडून निघण्यापेक्षा घरातल्या एकाला पहिल्या टप्प्यासाठी बरोबर आणावे.

पुढच्या वर्षीच्या भिशीचा पहिला हप्ता माघी एकादशीच्या भजनाच्या वेळी घेतात. त्या बैठकीसाठी मी तीन मागण्या लेखी दिल्या आहेत: स्त्रियांच्या स्नानासाठी दुसरा आडोसा आणि खाली लाकडी फळ्या, स्त्रियांची राहुटी दिव्याच्या बाजूला, आणि हिशेबवहीसाठी एक पुरुष व एक स्त्री असे दोघे जण. पहिल्या मागणीसाठी वर्गणी जमू लागली आहे. तिसऱ्या मागणीवर चर्चा होणार आहे, आणि त्या वेळी बोलायला आम्ही पाचसहा जणी तयारीने जाणार आहोत.